हार्ट अन् किडनी दोन्हीवर रिसर्च करायचाय, मराठवाड्यात राहून होईल का?

घाटी_इंटर्न

नमस्कार सगळ्यांना. मी सध्या संभाजीनगरला घाटीत (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) इंटर्नशिप करायलेय, गाव गेवराई तालुक्यात. प्रश्न जरा लांब आहे पण पूर्ण वाचून खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.

पप्पांना शुगर अन् बीपी होतं, बारा-तेरा वर्षं. दर महिन्याला बोटातून रक्त काढून शुगर बघायचे, गोळ्या वेळेवर, पथ्यपाणी आई सांभाळायची. पण लघवीतलं प्रोटीन कुणी एकदाही तपासलं नाही. ज्या खाजगी दवाखान्यात जायचो तिथं कंबर दुखतेय म्हणलं की इंजेक्शन, गुडघा दुखतोय म्हणलं की इंजेक्शन. पाय सुजले तेव्हा क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात चढतं ते) ६.८ निघालं. मी तेव्हा लातूरला अकरावीला होते. मग आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस, एसटीनं जायचं यायचं, असं अडीच वर्षं चाललं. अन् गेले ते किडनीनं नाही, हार्टनं गेले. सोमवारची पहाट होती, डायलिसिसची पिशवी रात्रीच भरून दाराजवळ ठेवलेली, त्यात चादर, टॉवेल अन् पारलेचा पुडा. ती पिशवी आईनं अजून उघडलेली नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे की किडनीचा पेशंट हार्टनं कामून जातो. मेडिसिनच्या वॉर्डात आता रोज बघते, हार्ट फेल्युअरचा पेशंट आला की दोन दिवसांत क्रिएटिनिन चढतं, मग पाणी काढायचं औषध वाढवायचं का कमी करायचं यावर राऊंडला वाद. हार्टवाले म्हणतात नेफ्रोला, म्हणजे किडनीवाल्यांना दाखवा, नेफ्रोवाले म्हणतात आधी इको (हार्टची सोनोग्राफी) करा, नातेवाईक फाईल घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर.

मला यावरच काम करायचंय. पण कसं? एमडी, मग डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री), मग रिसर्च? का आधी पीएचडी? बाहेरदेशी जावंच लागतं का? घरी आई आहे, भाऊ बारावीला, चार एकर कोरडवाहू. मामा म्हणतात रिसर्च म्हणजे प्रॅक्टिस न चाललेल्यांचं काम. कुणी या वाटेनं गेलंय का?

डायलिसिस_टेक्निशियन_लातूर

ताई, मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, चौदा वर्षं मशीनवर उभा राहिलोय. तुमच्या पप्पांचं वाचून हात थांबला. सोमवार लिहिलंत ना, तिथंच कळालं.

आमच्याकडं सगळ्यात जास्त भीती लांब गॅपनंतरच्या डायलिसिसच्या पाळीची असते. आठवड्यातून दोनदावाल्या पेशंटला एकदा दोन दिवसांचा गॅप पडतो अन् एकदा तीन. त्यात पोटॅशियम चढतं, अंगात पाणी साठतं. सकाळी काट्यावर उभं केलं की ड्राय वेटपेक्षा (जास्तीचं पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा) चार किलो जास्त, मग चार तासांत ते चार किलो ओढून काढायचं म्हणजे हार्टला किती झटका बसत असेल विचार करा. पेशंटला विचारलं काय खाल्लं तर म्हणतो काहीच नाही, मग हळूच सांगतो की वरण थोडं पातळ होतं म्हणून दोन वाट्या पिलो. उन्हाळ्यात तर पाणी तोडायला सांगणं जिवावर येतं, ४२-४३ डिग्रीत माणूस तहानलाय अन् आपण म्हणायचं दिवसाला अर्धा लिटरच.

अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झालेला आहे, २०११ चा, आमच्या सरांनी वाचून दाखवला होता. बत्तीस हजारांवर डायलिसिस पेशंटचे वार लावून बघितले तर दोन दिवसांच्या गॅपनंतरच्या दिवशी मृत्यू अन् हार्टची ॲडमिशन दोन्ही बाकी दिवसांपेक्षा जास्त निघाले. अन् ते लोक आठवड्यातून तीनदा करणारे. आपल्याकडचे दोनदावाले त्यात नाहीतच. दोनदावाल्यांचं हार्ट कधी अन् कशानं बसतं हे आपल्याशिवाय कोण मोजणार सांगा.

फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीवर) हात ठेवला की जी गुरगुर लागते ना, तीसुद्धा हार्टचंच काम आहे, जास्तीचं रक्त फिरवायला लागतं त्याला. आमच्याकडं प्रत्येक पाळीचं वजन, बीपी, किती पाणी काढलं, कोणाला क्रॅम्प आले, कोण घामाघूम झालं, सगळं चार्टवर लिहिलेलं असतं अन् महिना झाला की ते गठ्ठे बांधून माळ्यावर. तुम्ही रिसर्च करा अन् आम्हा टेक्निशियन लोकांना त्यात घ्या, एवढंच सांगायचंय.

गोदाकाठचा_नेफ्रो

बाळा, तुझा प्रश्न काल रात्री वाचला, लगेच लिहिणार होतो पण घाईत लिहायचं नव्हतं. मी या वाटेनं गेलोय. परभणी जिल्ह्यातला, मराठी शाळेतला, एमडीनंतर नेफ्रोमध्ये डीएम, चार वर्षं बाहेर, मग परत. आता एकवीस वर्षं झाली, अर्धा दिवस पेशंट अन् अर्धा दिवस रिसर्च.

आधी तुझ्या मूळ प्रश्नाचं बोलू. किडनीचा माणूस हार्टनं जातो हे तुला वॉर्डात दिसलं, पण ही ओळख फार जुनी आहे. लंडनला गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १८२७ ला सूज अन् लघवीतलं प्रोटीन अन् आजारी किडनी यांची सांगड घातली. तपासायची पद्धत काय, तर चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायची, अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली की समजायचं. अन् त्याच माणसानं पुढं लिहून ठेवलं की या पेशंटचं शवविच्छेदन केलं की हार्ट मोठं झालेलं सापडतं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी चमचा अन् मेणबत्तीवर जे कळत होतं ते तुझ्या वडिलांच्या बाबतीत बारा वर्षांत कुणी बघितलं नाही. हे मी दोष द्यायला लिहीत नाही, मी स्वतः ओपीडीत शंभर पेशंट बघितलेत, पण लघवीची ती पट्टी काही फार महाग नाही.

मग १९६० ला सिएटलमध्ये टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवून वारंवार डायलिसिस करायची सोय झाली. त्यातला पहिला पेशंट विमानाच्या कारखान्यातला कारागीर होता. मरणाच्या दारातला माणूस अकरा वर्षं जगला, अन् गेला कशानं? हार्ट अटॅकनं. १९७४ ला त्याच गावातून पेपर आला की डायलिसिसवरच्या लोकांच्या रक्तवाहिन्या झपाट्यानं खराब होतात. तिथून या विषयाची खरी चौकशी सुरू झाली. २००४ ला कॅलिफोर्नियातल्या अकरा लाखांवर लोकांच्या नोंदी बघितल्या, तर डायलिसिसच्या फार आधी, किडनीचं काम जसजसं उतरत जातं तसतसा हार्टचा धोका चढत जातो हे स्वच्छ दिसलं. म्हणजे बऱ्याच लोकांना डायलिसिसपर्यंत पोचायची वेळच येत नाही, त्याआधीच हार्ट घेऊन जातं.

कारण एकच नाही. प्रत्येक मिनिटाला हार्ट जेवढं रक्त फेकतं त्यातलं वीस-पंचवीस टक्के या दोन मुठीएवढ्या अवयवांकडं जातं. हार्ट कमी पडलं की किडनीला वाटतं अंगात पाणी कमी झालं, ती मीठ-पाणी धरून ठेवते, त्यानं हार्टवर आणखी ओझं. किडनी बिघडली की बीपी, रक्त कमी, फॉस्फरस जास्त, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या जुन्या नळासारख्या कडक होतात. २००८ मध्ये इटलीच्या रोंको अन् मंडळींनी याचे पाच प्रकार पाडले, कोण आधी बिघडलं अन् किती वेगानं यावर. कार्डिओरिनल म्हणून जे नाव तू राऊंडला ऐकतेस ते हेच.

आता करिअरचं. मामा जे म्हणतात ते मलाही म्हणले होते, त्यांच्यावर रागवू नको, त्यांना तुझ्या आईची काळजी आहे. पण क्रम असा लाव. आधी एमडी मेडिसिन. आपल्या देशात ज्याच्या हातात पेशंट नाही त्याला पेशंटवरच्या रिसर्चला कुणी विचारत नाही, अन् पगाराचा प्रश्नही त्यानं सुटतो. एमडीच्या तीन वर्षांत थिसिस करावाच लागतो, तो बहुतेक जण शेवटच्या सहा महिन्यांत उरकतात. तू तसं करू नको. तोच तुझा पहिला खरा रिसर्च. मी माझा थिसिस बीपीच्या पेशंटच्या लघवीतल्या प्रोटीनवर केला, विषय साधा, पण त्यात मला कळलं की पेशंट दुसऱ्यांदा परत आणणं हे सगळ्यात अवघड काम आहे.

हे जरा तपशिलात सांगतो कारण कुणी सांगत नाही. बाहेरून परत आल्यावर मी तीन तालुक्यांतल्या लोकांचा पाच वर्षांचा फॉलोअप सुरू केला. पहिल्या वर्षी ४०० लोक, दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बघतो तर १५० घरांना कुलूप. सगळे ऊसतोडीला गेलेले. मी तारखा ठरवल्या होत्या माझ्या सोयीनं, कॅलेंडर बघून, त्यांचं कॅलेंडर मी बघितलंच नव्हतं. मग सगळं वेळापत्रक बदललं, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की माणसं कधी परततात ते विचारून मे-जूनमध्ये तपासण्या ठेवल्या. सॅम्पल न्यायला थर्मासची पेटी, बर्फ गावातल्या लस्सीवाल्याकडनं, अन् सेंट्रीफ्यूज (रक्त फिरवून वेगळं करायचं मशीन) लावला की लाईट जायची. एकदा तालुक्याहून येताना एसटी बंद पडली अन् साठ सॅम्पल उन्हात गेले. साठ माणसं उपाशीपोटी आली होती त्या दिवशी. मी परत जाऊन प्रत्येकाच्या दारात सांगितलं की चूक झाली, पुन्हा रक्त द्याल का. बावन्न जणांनी दिलं. त्या रजिस्टरचं ते पान मी अजून जपून ठेवलंय. पेपर तीनदा परत आला, चौथ्यांदा छापला, सगळे धरून सात वर्षं. तुला ही सात वर्षं परवडतील का हे आत्ताच आईशी बसून बोल.

अन् उत्तर मनासारखं येईलच असं नाही. डायलिसिसचं पाणी जरा थंड ठेवलं तर हार्टला झटका कमी बसतो असं लहान अभ्यासांत दिसत होतं, सगळ्यांना पटलेलंही होतं. मग कॅनडात ८४ सेंटरवर ते मोठ्या प्रमाणात करून बघितलं, २०२२ ला निकाल आला, मृत्यू अन् हार्टच्या ॲडमिशनमध्ये फरक नाही, उलट पेशंटला थंडी वाजायची. ज्यांनी ते केलं त्यांनी नीट छापलं. हे मला या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं.

उलटंही घडतं. शुगरच्या एका औषधानं हार्टला अपाय होत नाही ना एवढंच बघायला ७,०२० लोकांवर अभ्यास लावला, एम्पाग्लिफ्लोझिन, २०१५. हार्टचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी निघाले, अन् नंतर लक्षात आलं की किडनीसुद्धा टिकतेय. मग त्याच कुळातल्या डापाग्लिफ्लोझिनवर २०२० मध्ये ४,३०४ किडनीच्या पेशंटचा अभ्यास आला, त्यात शुगर नसलेलेही होते, अन् फायदा एवढा स्पष्ट की वेळेआधी थांबवावा लागला. आता ही दोन्ही औषधं आपल्याकडं जेनेरिकमध्ये मिळतात. तुझे वडील दहा वर्षं उशिरा आजारी पडले असते तर, असं मनात येतं.

बाहेरदेशी जायला हरकत नाही, पण मराठवाड्यातून काही होत नाही हे डोक्यातून काढ. डॉ. हिम्मतराव बावसकर आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असताना विंचू चावलेली लेकरं येत होती, थंडगार हातपाय, दरदरून घाम, मग तोंडाला फेस अन् फुप्फुसात पाणी. त्यांनी उशाशी बसून बीपी अन् नाडी लिहून काढली, ओळखलं की विंचवाचं विष हार्टला मारतंय, अन् पुढं प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी वापरली. लॅन्सेट या डॉक्टरी जगातल्या नावाजलेल्या मासिकात लक्षणांचं १९८२ ला अन् प्राझोसिनचं १९८६ ला छापून आलं. आधी शंभरातले तीस-चाळीस जायचे, आता एखाददुसरा. ना लॅब, ना ग्रँट. पेशंटपासून न हलणं एवढंच त्यांच्याजवळ होतं.

विद्यापीठ_बायोकेम

सरांनी डॉक्टरांच्या बाजूनं सगळं सांगितलं, मी लॅबच्या बाजूनं थोडं. मी आपल्या मराठवाडा विद्यापीठातून एमएस्सी केलं अन् आता पुण्यात पीएचडी करतोय, किडनीच्या पेशींवर.

इंटर्न ताई, एमबीबीएस असताना पीएचडीकडं लगेच वळू नका हे सरांचं बरोबर आहे, पण लॅबची भाषा शिकून घ्या. बीपीची ती प्रिल वाली औषधं, हार्ट फेल्युअर अन् किडनी दोन्हीला देतात ती, त्यांची सुरुवात ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषातून झाली. सर्जियो फेरेरा यांनी १९६५ ला विषातला एक घटक दाखवला, त्यावरून कॅप्टोप्रिल बनलं अन् १९८१ ला अमेरिकेत मंजूर झालं. अन् सरांनी सांगितलेल्या ग्लिफ्लोझिनचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे, फ्लोरिझिन, १८३५ ला वेगळं काढलेलं. साल ते गोळी यात पावणेदोनशे वर्षं गेली.

अन् पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांचं काम नक्की वाचा. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांपासून सुरुवात करून त्यांची मुलं मोठी होईपर्यंत मोजतायत, आपली बाळं वजनानं कमी पण चरबीनं जास्त हे तिथूनच पुढं आलं. कमी वजनाच्या बाळाला किडनीतल्या गाळण्या म्हणजे नेफ्रॉनसुद्धा कमी मिळतात असं किडनीतज्ज्ञ ब्रेनर यांनी मांडलेलं आहे. म्हणजे आईच्या पोटापासूनच हिशोब सुरू होतो. पैशाचं विचारलंत तर इंडिया अलायन्स (रिसर्चला पैसा देणारी संस्था) हिच्या फेलोशिप डॉक्टरांनाही आहेत, आयसीएमआर या सरकारी संस्थेचे प्रोजेक्ट आहेत. पण आधी प्रश्न ठरवा, पैसा प्रश्नाच्या मागून येतो.

घाटी_इंटर्न

तुम्हा सगळ्यांना काय लिहू कळत नाहीये. टेक्निशियन दादा, तुमचं वाचून आईला फोन केला, दोन वाट्या वरणाचं सांगितलं तर ती पहिल्यांदा पप्पांवर बोलली, म्हणली की त्या रविवारी पुरणपोळी होती, अन् कटाची आमटी त्यांनी मागून घेतली होती. खूप वेळ बोललो आम्ही.

सर, ऊसतोडीचं वाचून एक सुचलं. आमच्या गावातून दरवर्षी चाळीसेक कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, जातात. बाया-माणसं पहाटे तीनला फडात, लघवीला जायला आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, अन् अंगदुखीच्या गोळ्या मुकादमच आणून देतो. मी वाचलं होतं की एल साल्वाडोर अन् निकाराग्वात ऊस तोडणाऱ्या तरुण पोरांच्या किडन्या जातायत, शुगर नाही बीपी नाही. आपल्याकडं तसंच असेल का?

गोदाकाठचा_नेफ्रो

हा प्रश्न आहे बघ. हाच धर.

पण उत्तर आधी ठरवून बसू नको. तिकडं २००२ पासून त्यावर लिहिलं जातंय, उष्णता अन् पाणी कमी पडणं यावर मुख्य संशय आहे, पाणी, विसावा अन् सावली दिली तर फरक पडतो असं दिसलंय, तरी कारण एकच आहे असं कुणी छातीठोक सांगत नाही. आंध्रात श्रीकाकुलमच्या उद्दानम भागातही असाच आजार आहे, तिथंही कारण पक्कं झालेलं नाही. अन् आपला हंगाम वेगळा, दिवाळीच्या थंडीत सुरू होतो अन् मार्च-एप्रिलच्या उन्हात संपतो, म्हणजे एकाच माणसाला थंडीत अन् उन्हात दोन्हीकडं मोजता येईल. ते तिकडच्यांना सहजी जमणारं नाही. पाणी कमी असताना दुखण्याची गोळी घेतली की किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळतो, तेव्हा गोळ्यांची नोंद आधी. बायांचं ते आडोशाचं जे लिहिलंस ते प्रश्नावलीत जसंच्या तसं घाल, ते मला एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

सुरुवात लहान ठेव. गावातून निघायच्या आधी वजन, बीपी, क्रिएटिनिन, लघवीची पट्टी. परत आल्यावर तेच. अन् नुसत्या किडनीवर थांबू नको, एक ईसीजीसुद्धा काढ, तुझा विषय दोन्हींचा आहे. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी हातात येईपर्यंत कुणाच्या बोटाला सुई लावायची नाही, अन् मुकादमाच्या मध्यस्थीनं माणसं गोळा करायची नाहीत, उचल घेतलेला माणूस त्याला नाही म्हणू शकत नाही. थेट घरी जा, संध्याकाळी, बाया मोकळ्या झाल्यावर.

दोन पानांत लिहून काढ, मराठीत लिहिलंस तरी चालेल. इथंच मेसेजमध्ये पाठव, मी रविवारी वाचतो.

डायलिसिस_टेक्निशियन_लातूर

ताई, माळ्यावरचे गठ्ठे खाली काढायला लागलोय. सरांची अन् कमिटीची परवानगी आली की सांगा, तोपर्यंत नावं झाकून वर्षाप्रमाणं लावून ठेवतो.